सातेरीच्या ४० पेट्या, मध बाटलीत भरून विकायचा आहे. परवाना कोणता, लेबलवर काय?

डोंगरमध | १० नोव्हेंबर २०२४

पाटण तालुक्यात (जि. सातारा) सातेरीच्या (पेटीत पाळायच्या देशी मधमाशीच्या) ४० पेट्या आहेत. हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. चांगल्या वर्षी सगळा मिळून २००-२५० किलो मध निघतो. आजवर ओळखीच्या लोकांना सुटा दिला, ज्याचा डबा त्याने आणायचा. या हंगामापासून २५० आणि ५०० ग्रॅमच्या काचेच्या बाटल्या भरून कराड आणि पुण्याच्या आठवडी बाजारात न्यायच्या आहेत, काही कुरियरनेही पाठवायच्या आहेत. उलाढाल दीड लाखाच्या आसपास राहील.

माझे प्रश्न असे. एवढ्याशा धंद्याला फूड लायसन लागते का? वजनमापवाल्यांचे वेगळे काही असते का? जीएसटी लागतो का? लेबलवर नेमके काय छापायचे? आणि मध तपासून घेणे सक्तीचे आहे का? एक जण म्हणतो शेतकऱ्याला काहीच लागत नाही, दुसरा म्हणतो पंचवीस हजार खर्च येईल.

---

वजनकाटा | १० नोव्हेंबर २०२४

पंचवीस हजार सांगणारा एजंट असणार. सरकारी शुल्क सगळे धरून तुमचा खर्च हजाराच्या आतबाहेर आहे.

आधी एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण. २०२४ च्या नियमांनुसार वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर लायसन नाही, नोंदणी लागते. ‘फॉस्कॉस’ या सरकारी पोर्टलवर फॉर्म ‘ए’ स्वतः भरता येतो, २०२४ च्या नियमांत शुल्क वर्षाला १०० रुपये, आणि एकदम १ ते ५ वर्षांची नोंदणी घेता येते. पाच वर्षांचे ५०० रुपये भरून मोकळे व्हा. कागद मोजकेच: फोटो, ओळखपत्र आणि जिथे मध काढून बाटल्या भरता त्या जागेचा पुरावा (घरपट्टी, वीजबिल किंवा भाडेकरार).

फॉर्म भरताना हमखास चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली म्हणजे धंद्याचा प्रकार. लोक ‘किरकोळ विक्रेता’ निवडतात, कारण विकायचेच तर आहे. तुम्ही मध काढता, गाळता आणि भरता, म्हणजे तुम्ही लघु उत्पादक. तोच प्रकार निवडा. अन्नगट ११, म्हणजे गोडी आणणारे पदार्थ, त्यात ११.५ हा मध. दुसरी चूक दैनिक क्षमतेची. लघु उत्पादकाची मर्यादा दिवसाला १०० किलो आहे. हंगामात एखाद्या दिवशी बराच मध निघेल म्हणून लोक तिथे २०० लिहितात, आणि उलाढाल दीड लाखाची असूनही अर्ज लायसनच्या रांगेत जातो. मध काढायचे चार चौकटींचे यंत्र हाताने फिरवून तुम्ही दिवसाला खरेच किती मध काढता तेवढेच लिहा.

अर्ज केल्यावर ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असा नियम आहे. तपासणी काढली तर ३० दिवसांत निर्णय. नोंदणी क्रमांक १४ आकडी असतो. नोंदणीचा आकडा २ ने सुरू होतो, लायसनचा १ ने. २०२४ च्या नियमांत नूतनीकरण मुदत संपायच्या ३० दिवस आधी करायचे, त्यानंतर दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क चढते. म्हणजे पाच वर्षांच्या नोंदणीचे पैसे पाच दिवसांत जातात.

पेट्या फुलोऱ्यामागे हलवत असाल तर प्रत्येक ठिकाणची नोंदणी लागत नाही. मध काढून भरण्याची जागा जिथे आहे तिथली लागते. अशा जागा दोन असतील तर नोंदण्याही दोन.

आता वजनमाप. त्याचा कायदा वेगळा आणि खातेही वेगळे: वैध मापन शास्त्र. बंद बाटलीत माल भरून विकणारा प्रत्येक जण ‘पॅकर’ ठरतो आणि पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांतल्या नियम २७ खाली त्याला भरायला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत नोंद करावी लागते. शुल्क ५०० रुपये. बहुतेक मधपाळांना ही नोंद माहीतच नसते. एफएसएसएआय असले की झाले असे वाटते आणि बाजारात वजनमापचा निरीक्षक आला की तोंडचे पाणी पळते.

काटाही शिक्क्याचा हवा. ऑनलाइन पाचशे-सातशेला मिळणारा स्वयंपाकघरातला काटा व्यवहाराला चालत नाही, तो कितीही बरोबर दाखवत असला तरी. पडताळणीचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि दरवर्षी फेरपडताळणी करून प्रमाणपत्र जवळ ठेवा.

मध नेहमी वजनावर विका, मिलीलिटरवर नाही. मध पाण्यापेक्षा जवळपास १.४ पट जड असतो. ५०० ग्रॅम मधाला साधारण ३५५ मिलीची जागा पुरते. ५०० मिलीच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरलात तर ७०० ग्रॅम जातो. बाटली विकत घेताना दुकानदार मिली सांगतो आणि लेबल ग्रॅमचे छापले जाते, त्यातून गोंधळ होतो. ५०० ग्रॅमला ३७५-४०० मिलीची, २५० ग्रॅमला २०० मिलीची बाटली बघा. दारूच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरू नका.

---

रिफ्रॅक्टोमीटर | ११ नोव्हेंबर २०२४

कागदपत्रांचे वर आलेच आहे. खरी अडचण मधातच असते आणि सातेरीवाल्यांना ती जास्त भोवते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक बाटलीमागे तपासणी अहवाल असलाच पाहिजे असे लघु उत्पादकावर बंधन नाही. पण अन्न सुरक्षा अधिकारी नमुना कधीही उचलू शकतो, आणि तुमचा मध मानकात बसला नाही तर तो ‘कमी दर्जाचा’ ठरतो, ज्याचा दंड ५ लाखांपर्यंत आहे. म्हणून मानक समजून घ्या.

ओलावा जास्तीत जास्त २० टक्के. जुन्या मानकात हा आकडा २५ होता, २०१८ च्या दुरुस्तीत २० झाला. घाटमाथ्याच्या दमट हवेत सातेरीचा मध घाईने काढला तर २२-२४ टक्के सहज भरतो. त्यात भेसळ काहीच नाही, मध कच्चा आहे एवढेच. पण कायद्याला कारण लागत नाही, आकडा लागतो. शिवाय असा मध आंबतोच: महिन्याभरात वर फेस, झाकण उघडले की फुस्स आवाज आणि आंबूस वास.

उपाय पेटीतच आहे. मधकोठीतली (पेटीच्या वरच्या, मध साठवायच्या मजल्यातली) चौकट किमान तीन चतुर्थांश मेणाने बंद झाल्याशिवाय काढू नका. चौकट आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर ती परत ठेवा. मध काढायचा तो कोरड्या हवेच्या दिवशी, दुपारी. पहिला वळीव पडून गेल्यावर घाई करू नका. मध हवेतले पाणी ओढतो. खोलीतली आर्द्रता ६० टक्के असेल तर मध १८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ८० टक्के असेल तर उघड्या पातेल्यातला मध ओलावा घेतच राहतो. रात्रभर फडके बांधून ठेवलेला मध सकाळी एक टक्का वर गेलेला असू शकतो.

हातातला मधाचा रिफ्रॅक्टोमीटर (१२ ते २७ टक्के ओलाव्याच्या पट्टीचा) दीड-दोन हजारात मिळतो. प्रत्येक डब्याचे माप घ्या. थेंब काचेवर पसरा, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. मधात रवे असतील तर आकडा चुकतो. आधी डबा कोमट पाण्यात ठेवून रवा विरघळू द्या. वाचन २०.५-२१ आले तर मध भरू नका. मेण न फोडलेल्या चौकटी बंद खोलीत एकमेकींत फट ठेवून रचा आणि डिह्युमिडिफायर व पंखा लावून एक-दोन रात्री ठेवा. किंवा काढलेला मध पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर थरात त्याच खोलीत ठेवा.

चुलीवर आटवू नका, हे हात जोडून सांगतो. तापवल्याने ओलावा उतरेल, पण एचएमएफ (मध तापला की वाढणारे रसायन) चढेल (मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम) आणि डायस्टेज (मधातले नैसर्गिक विकर) उतरेल (किमान ३). एक आकडा वाचवायला जाऊन दोन घालवाल. ४० अंशांच्या वर नेऊच नका. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला मध आच न लावताही एचएमएफ वाढवत बसतो. मध घरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा.

दुसरा सापळा साखरेचा. पावसाळ्यात वसाहती जगवायला पाक द्यावाच लागतो, त्यात गैर काही नाही. पण आपली साखर उसाची, आणि ऊस हे सी-४ गटातले पीक, त्याची साखर प्रयोगशाळेत वेगळी ओळखू येते. मधात सी-४ साखर ७ टक्क्यांहून जास्त सापडली की नमुना बाद. पाक देताना मधकोठी पेटीवर असेल तर माश्या पाक तिथेच साठवतात आणि तो पुढच्या हंगामाच्या मधात मिसळतो. म्हणून पाक द्यायच्या आधी मधकोठी उतरवा, आणि फुलोरा सुरू झाला, पाक पूर्ण बंद झाला, की मगच चढवा. शिशुकोठीतला (खालच्या, पिल्लांच्या मजल्यातला) मध काढायचाच नाही. जवळपास गुऱ्हाळ असेल तर ते चालू असेपर्यंत तिथे पेट्या ठेवू नका. माश्यांना काकवी आणि फूल यांत फरक नसतो.

गाळणीबद्दल. परागकण ग्रॅमला किमान ५००० लागतात. दोन-तीन वेळा मलमल घडी करून गाळले की मध आरशासारखा दिसतो, पण पराग निघून जातो. साधी स्टीलची जाळी, त्याखाली एक नायलॉनची, पुरे. नंतर उंच डब्यात दोन दिवस निवळू द्या, मेणाचे कण आणि फेस वर येतो, बाटल्या खालच्या तोटीने भरा. यंत्र आणि डबे स्टेनलेस स्टीलचेच हवेत. मध आम्लधर्मी असतो, जस्ताच्या पत्र्यातून धातू उतरतो.

औषधांचेही तसेच. मधमाश्यांना अँटिबायोटिक देऊ नका. त्यांच्या अवशेषांच्या मर्यादा इतक्या बारीक आहेत की ‘थोडेसेच दिले होते’ याला अर्थ राहत नाही.

आपल्या सह्याद्रीची एक गोष्ट मानकातच लिहिलेली आहे, ती पाटणकरांना माहीत असावी. कारवीच्या (दरवर्षी न फुलणाऱ्या डोंगरी झुडपाच्या) मधाला सुक्रोजची मर्यादा ५ ऐवजी १० टक्के आहे आणि एकूण रिड्युसिंग शर्करा (मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज) किमान ६५ ऐवजी ६० टक्के चालते. कारवी फुलते त्या वर्षी मध वेगळा काढा, वेगळा ठेवा आणि प्रयोगशाळेला ‘कारवी’ असे लिहून द्या. नाहीतर साध्या मधाच्या आकड्यांवर तो नापास होईल. ओलाव्याला मात्र त्यातही सूट नाही.

तपासणी हंगामातून एकदा, सगळ्या डब्यांतून थोडाथोडा घेऊन केलेल्या मिश्र नमुन्याची करा. पुण्यात शिवाजीनगरला खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आधी चौकशी करा. आपला विभाग महाबळेश्वरच्या मध संचालनालयाला जवळ आहे, तेही मार्गदर्शन करतात.

---

शेतीमाती | ११ नोव्हेंबर २०२४

पण अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १८(३) मध्ये शेतकऱ्याला कायदा लागू नाही असे स्पष्ट आहे ना? मग नोंदणी कशाला?

---

वजनकाटा | ११ नोव्हेंबर २०२४

कलम बरोबर आहे. पण ती सूट शेतकऱ्याला आणि शेताच्या पातळीवरच्या पिकाच्या उत्पादनाला आहे. सुटा मध पेटीजवळ शेजाऱ्याला दिला तर तुम्ही ही बाजू मांडू शकाल. मध गाळून, बाटलीत भरून, लेबल लावून पुण्याच्या बाजारात मांडला की तुम्ही अन्नव्यवसाय करता आहात. शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी हा वाद अधिकाऱ्यासमोर घालू नका. शिवाय चांगले दुकान, बाजाराचा आयोजक, ऑनलाइन विक्रीचे संकेतस्थळ यांतले कोणीही त्या क्रमांकाशिवाय उभे करणार नाही.

---

लेबलवाली_ताई | १२ नोव्हेंबर २०२४

लेबलचे मी सांगते. ५०० ग्रॅमच्या बाटलीवर हे असावे:

मध (बहुपुष्पी)
निव्वळ वजन : ५०० ग्रॅम
बॅच क्र. : पा-०३/२५
भरल्याची तारीख : ०४/२०२५
वापरण्याची अंतिम तारीख : ०९/२०२६
कमाल किरकोळ किंमत : ₹३२५ (सर्व करांसह)
प्रति ग्रॅम : ₹०.६५
उत्पादक व पॅकर : नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड
तक्रारीसाठी : नाव, फोन, ईमेल
एफएसएसएआय चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक
हिरवा ठिपका
थंड, कोरड्या जागी ठेवा. थंडीत मध रवाळ होणे नैसर्गिक आहे.

नमुना मराठीत दिला आहे. छापताना हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो, सोबत मराठी हवी तेवढी घाला. फक्त मराठी लेबल काढून फसू नका.

हिरवा की तपकिरी, हा प्रश्न नेहमी येतो. मध प्राण्यापासून येतो म्हणून काही जण तपकिरी खूण लावतात. २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध, मध आणि मधमाश्यांचे मेण स्पष्ट वगळले आहे. हिरवाच ठिपका, हिरव्या चौकोनात.

फक्त ‘बेस्ट बिफोर’ छापून आता भागत नाही, वापरण्याची अंतिम तारीख लागते. बॅच क्रमांक डब्यागणिक द्या आणि वहीत नोंद ठेवा: कोणत्या पेट्या, कोणता फुलोरा, काढल्याची तारीख, ओलावा, बाटल्या किती, कुठे गेल्या. तक्रार आली तर तेवढाच डबा परत बोलावता येतो, अख्खा हंगाम नाही. पोषणमूल्यांचा तक्ताही छापा, प्रयोगशाळेच्या अहवालातून ते आकडे मिळतात.

‘जांभूळ मध’ लिहायचा मोह आवरा. एकपुष्पी म्हणायचे तर एकूण परागांत त्या झाडाचे किमान ४५ टक्के लागतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजून येते. पेट्यांभोवती जांभळाची झाडे आहेत हा पुरावा होत नाही. आपल्याकडे हिरडा, गेळा, जांभूळ एकमेकांच्या मागेपुढे फुलतात. पराग मोजलेले नसतील तर ‘बहुपुष्पी’ लिहा. ‘सातेरी मधमाश्यांचा, पाटण परिसरातला’ हे खरे आहे, ते अभिमानाने लिहा.

‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्राच्या भानगडीत नेतो. माशी दोन-तीन किलोमीटर फिरते, त्या शिवारातल्या फवारणीची हमी तुम्ही देऊ शकत नाही. आणि ‘मधुमेहींना चालतो’, ‘वजन घटवतो’, ‘दमा बरा करतो’ यातले एक अक्षरही नको, बाटलीवर नको आणि व्हॉट्सॲपच्या जाहिरातीतही नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दंड १० लाखांपर्यंत आहे. मधुमेह बरा होतो असे म्हणालात तर १९५४ चा जादुई उपायांचा कायदाही मागे लागतो.

माझ्याकडून एक ओळ आणखी छापा: ‘एक वर्षाखालील बाळांना देऊ नये.’ आपल्याकडे बारशाच्या आधीच बाळाला मध चाटवतात. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्याचे काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढतात. शुद्ध मधातही असू शकतात, उकळूनही जात नाहीत. ही ओळ ठळक हवी.

---

डोंगरमध | १२ नोव्हेंबर २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी तीन शंका. वाडीतल्या चौघांचाही मध घेऊन मीच भरला तर? गोव्यातून मागणी आहे, कुरियरने पाठवला तर चालेल का? आणि आग्या माशीचा (उघड्यावर मोठे पोळे बांधणाऱ्या रानमाशीचा) जंगलातला मध काही लोक आणून देतात, तो विकावा का?

---

वजनकाटा | १३ नोव्हेंबर २०२४

चौघांचा मध घ्या, पण मग उलाढाल तुमच्या नावावर मोजली जाते आणि जबाबदारीही. प्रत्येकाचा डबा वेगळा ठेवा, दारातच रिफ्रॅक्टोमीटर लावा, २० च्या वरचा परत पाठवा. शेजाऱ्याने पाक देताना मधकोठी उतरवली होती का, हे विचारायला लाजू नका. त्याचा मध बाद झाला तरी नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. खरेदीची पावती करा. तुमच्या विक्रीच्या पावतीवर तुमचा एफएसएसएआय क्रमांक हवाच.

गोव्याचे नीट वाचा. सुट्या, लेबल नसलेल्या नैसर्गिक मधावर जीएसटी नाही. पॅकबंद आणि लेबल लावलेल्यावर ५ टक्के आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकताना ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून कराड-पुण्याला तुम्ही मोकळे आहात (आणि नोंदणी नसताना पावतीवर कर लावायचा नाही). पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवलात की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होते. एक बाटली पणजीला गेली तरी तेच. दहा-पंधरा बाटल्यांसाठी विवरणपत्रांचा व्याप करायचा का, ते तुम्ही ठरवा.

---

रिफ्रॅक्टोमीटर | १३ नोव्हेंबर २०२४

आग्याच्या मधाबद्दल. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात जंगलातून आणलेला मध आणि मेण वनोपज धरले आहे. वनहक्क कायद्याखाली (२००६) तो गौण वनोपज आहे, म्हणजे हक्कदार आदिवासी आणि वननिवासी तो गोळा करून विकू शकतात. आणून देणाऱ्याकडे वैयक्तिक किंवा सामूहिक वनहक्क आहे का, ते आधी बघा. असेल तर ग्रामसभेच्या समितीचा वाहतूक पास घ्या आणि त्याची प्रत खरेदीच्या पावतीला टाचून ठेवा. अभयारण्यातला मध घेऊच नका. तुमच्या भागात कोयना अभयारण्याची हद्द कुठून जाते ते विचारून घ्या.

कागद नीट असले तरी हा मध तुमच्या सातेरीच्या डब्यात मिसळू नका. बहुतेक वेळा तो पोळे पिळून काढलेला असतो, त्यात अळ्यांचा रस आणि पराग येतो, ओलावा २२ च्या वर असतो आणि लवकर आंबतो. घ्यायचाच असेल तर मधाचा गड्डा (पोळ्याचा फक्त मध असलेला भाग) कापून आणायला सांगा. पिल्लांचा भाग पोळ्यावर तसाच राहिला पाहिजे. तो गड्डा जाळीवर ठेवून आपोआप निथळू द्या, पिळू नका. निथळलेला मध वेगळ्या बॅचमध्ये, ‘आग्या मध’ असे लिहून भरा, आणि त्याचा ओलावा भरायच्या दिवशी पुन्हा मोजा.